एका पीसीला दोन ब्रॉडबँड : सांगलीत कुणी करून बघितलंय का?

निशिगंध | ८ डिसेंबर, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. मी माधवनगरला राहते, पुण्यातल्या एका फर्मचं हिशोबाचं काम घरून करते. सकाळी साडेनऊला ऑफिसच्या व्हीपीएनला (त्यांच्या नेटवर्कपर्यंतचा खाजगी रस्ता) लॉगिन व्हायचं, तिथल्या सर्व्हरचा रिमोट डेस्कटॉप उघडायचा आणि साडेसहापर्यंत त्यातच. मधे नेट गेलं की स्क्रीन गोठते, व्हाउचर अर्धं राहतं आणि पुन्हा आत शिरायला ओटीपीपासून सगळं पहिल्यापासून.

गेल्या महिन्यात नेट सात वेळा गेलं. कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारीच त्याच्याही फुल्या मारल्यात. शेवटी वैतागून दुसरं कनेक्शन घेतलं. पहिलं लोकल केबलवाल्याचं फायबर, दुसरं एका मोठ्या कंपनीचं फायबर, दोन्ही १०० एमबीपीएस. आता टेबलावर दोन राउटर शेजारी शेजारी लुकलुकत बसलेत आणि मी त्यांच्याकडं बघत बसलेय.

दोन्ही एकदम वापरले तर २०० होतात का? आणि एक गेलं तर दुसरं आपोआप चालू होईल असं करता येतं का? पीसी विंडोज ११ चा, लॅनचं भोक एकच, वायफाय आहे. मिस्टर म्हणतात, "दोन्ही वायरी एकाच डब्यात खुपस." जाणकारांनी प्रकाश टाकावा.

भडंगप्रेमी | ८ डिसेंबर, रात्री ११.०५

दोन बायका फजिती ऐका, हे विंडोजलाही लागू आहे. बाकी चालू द्या, मी भडंग घेऊन बसलोय.

सातारी_कंदी | ८ डिसेंबर, रात्री ११.१२

@भडंगप्रेमी, धागाकर्त्या बाई आहेत, जरा जपून.

@निशिगंध, एवढं कशाला? नेट गेलं की मोबाइलचा हॉटस्पॉट लावायचा. आम्ही साताऱ्यात तेच करतो.

निशिगंध | ८ डिसेंबर, रात्री ११.२०

हॉटस्पॉट करून झालाय. फोन आला की धडकी भरते, घरात रेंज खिडकीतच, आणि मी स्वयंपाकघरात असताना नेट गेलं तर लावणार कोण? आपोआप पाहिजे.

तंतुवाद्य | ९ डिसेंबर, सकाळी ७.४०

ताई, मिरजेत नेटवर्किंगची कामं करतो, थोडं लिहितो.

आधी २०० चं. सांगली स्टँडवर स्वारगेटच्या दोन गाड्या लागल्यात असं समजा. तुम्ही एकट्या दोन्ही गाड्यांत बसू शकत नाही, आणि गाड्या दोन आहेत म्हणून तुम्ही पुण्याला निम्म्या वेळात पोचत नाही. घरची चार माणसं मात्र दोन-दोन करून बसू शकतात. नेटचंही तसंच. एक डाउनलोड, एक व्हिडिओ कॉल, एक व्हीपीएन म्हणजे एक प्रवासी. तो एकाच लाइनवरून जाणार. टॉरेंट किंवा तुकडे पाडून उतरवणारा डाउनलोड मॅनेजर असेल तर बरेच प्रवासी एकदम निघतात, तिथं दोन्ही लाइनींचा उपयोग दिसतो. तोही वाटणारं काहीतरी मधे असेल तर, कारण नुसतं विंडोज वाटत नाही. ते दोन दरवाज्यांपैकी एकच धरतं.

कुठला धरतं ते 'मेट्रिक' या आकड्यावर ठरतं. ज्याचं मेट्रिक कमी, त्या दरवाज्यानं बाहेर. विंडोज हा आकडा लिंकच्या वेगावरून स्वतः ठरवतं, गिगाबिट लॅनला बहुतेक २५ देतं. तो आपल्या हातानं देता येतो: रनमध्ये एनसीपीए डॉट सीपीएल, मग लॅनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४, ॲडव्हान्स्ड. तिथं सगळ्यात खाली 'ऑटोमॅटिक मेट्रिक'ची टिक काढा. लॅनला १० द्या, वायफायला ५०. पहिलं कनेक्शन लॅनवर, दुसरं वायफायवर.

अजून एक, दोन्ही राउटरचा पत्ता काय आहे ते बघून सांगा. स्टिकरवर खाली लिहिलेला असतो.

निशिगंध | ९ डिसेंबर, दुपारी १.३०

दोन्ही १९२.१६८.१.१. आणि गंमत म्हणजे ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकला की दर वेळी केबलवाल्याचंच पान उघडतं. नव्या राउटरच्या पानावर जाताच येत नाही.

तंतुवाद्य | ९ डिसेंबर, दुपारी १.४५

हीच भीती होती. एका गल्लीत दोन घरांना एकच नंबर असला तर पोस्टमन काय करणार? लॅनची वायर काढा, फक्त नव्याच्या वायफायवर राहा, मग पान उघडेल. लॅन सेटिंगमध्ये त्याचा पत्ता १९२.१६८.२.१ करा. सेव्ह केल्यावर तो तुम्हाला बाहेर ढकलेल, घाबरू नका, आता नव्या पत्त्यावर भेटेल. (जिओच्या राउटरला मुळातच १९२.१६८.२९.१ असतं, तिथं ही भानगड सहसा येत नाही.)

निशिगंध | ९ डिसेंबर, रात्री ९.१५

झालं! मेट्रिकपण दिलं. मग परीक्षा म्हणून चालू कॉलमध्ये लॅनची वायर उपटली. तीन-चार सेकंद बहीण पुतळा झाली आणि परत बोलायला लागली. आनंदानं चहा केला.

एक शंका. वायर परत लावली तरी 'माझा आयपी काय' सांगणाऱ्या साइटवर अजून दुसऱ्याच कंपनीचं नाव येतंय. मेट्रिक तर लॅनचं कमी आहे.

तंतुवाद्य | ९ डिसेंबर, रात्री ९.४०

तिथं दिसणारा पत्ता लांबलचक, अक्षरं आणि कोलन असलेला आहे का? म्हणजे आयपीव्ही६, नेटवरच्या पत्त्याची नवी पद्धत. केबलवाला फक्त जुना आयपीव्ही४ देत असणार आणि मोठी कंपनी दोन्ही. आयपीव्ही६ चं मेट्रिक वेगळं असतं, आणि तो रस्ता उपलब्ध असेल तर विंडोज आधी तिकडंच धावतं. पहिल्या लाइनीवर तो रस्ताच नाही, मग मेट्रिक कितीही द्या. पीसीच्या वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये व्हर्जन ६ ची टिक काढा. एरवी हा सल्ला मी देत नाही, पण इथं तेच बरं.

शून्य_पिंग | ९ डिसेंबर, रात्री ११.५५

एवढं सगळं जुनाट आहे काका. स्पीडिफाय नावाचं ॲप टाका, दोन्ही लाइनी खरोखर एक होतात. एकाच डाउनलोडला दोन्हींचा स्पीड. मी वापरतोय.

तंतुवाद्य | १० डिसेंबर, सकाळी ८.०५

बरोबर आहे पोरा, त्याला बाँडिंग म्हणतात आणि ते होतं. पण कसं होतं तेही सांग की. तुझा डेटा दोन्ही लाइनींवरून आधी त्यांच्या सर्व्हरवर जातो, तिथं तुकडे जोडले जातात आणि मग पुढं. समोर जोडणारा कुणीतरी बसलेला असल्याशिवाय बाँडिंग होत नाही. ताईंचं काम आधीच व्हीपीएनमधून. म्हणजे व्हीपीएनच्या आत व्हीपीएन, आणि पुण्याचा डेटा आधी तिसऱ्याच गावाला जाऊन येणार. शिवाय दोन लाइनींपैकी एक सुस्त असली की तिच्या तुकड्यांची वाट बघत दुसरीनं थांबायचं. बैलजोडीत एक बैल लंगडा असला की काय होतं ते शेतकऱ्याला विचार.

शून्य_पिंग | १० डिसेंबर, सकाळी १०.३०

काका बैलजोडी कुठून काढता राव. पण गेमिंगला मला फरक पडला. एवढंच सांगायचं होतं.

निशिगंध | १० डिसेंबर, दुपारी २.१०

आमच्या आयटीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, ऑफिसच्या व्हीपीएनवर दुसरं कुठलंही व्हीपीएन टाकू नका." फोनवरच हात जोडले बिचाऱ्यानं. स्पीडिफाय बाद.

निशिगंध | १४ डिसेंबर, संध्याकाळी ७.००

मंडळी, फसलं. आज सव्वाअकराला केबलवाल्याचं नेट गेलं. मी निवांत, म्हटलं आता वायफाय घेईल. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पीसी म्हणतोय 'नो इंटरनेट' आणि तसाच बसलाय. वायफायवर नेट ठणठणीत, मोबाइलवर बघितलं. शेवटी मीच लॅनची वायर ओढली तेव्हा सुरू झालं. मग त्या दिवशी चहा प्यायले तो फुकटच.

कुपवाड_एमआयडीसी | १४ डिसेंबर, संध्याकाळी ७.२५

तुम्ही परीक्षा चुकीच्या वायरीची घेतलीत. पीसी आणि राउटर यांच्यामधली वायर काढली की विंडोजला लगेच कळतं, दार बंद झालं. पण आज काय झालं? राउटर चालू, वायर चालू, त्याच्या पलीकडं फायबर तुटलेलं. राउटरवर 'लॉस' नावाचा लाल दिवा लागला असेल. विंडोजच्या लेखी दार उघडंच आहे. बाहेर रस्ता आहे की नाही हे ते दारातूनच बघतं, पण नाही म्हणून दुसऱ्या दारानं जात नाही. नुसतं 'नो इंटरनेट'ची पाटी लावतं आणि तिथंच उभं राहतं.

यावर दोन इलाज. एक, छोटी स्क्रिप्ट. दर तीस सेकंदांनी पहिल्या लाइनीतून गूगलच्या ८.८.८.८ या सर्व्हरला पिंग मारायचा (म्हणजे 'आहेस का' अशी हाक), सलग तीनदा उत्तर नाही आलं की लॅनचं मेट्रिक ९० करायचं. उत्तर यायला लागलं की परत १०. फक्त पिंग त्याच लाइनीतून गेला पाहिजे, म्हणून कमांडमध्ये स्रोत पत्ता द्यावा लागतो: पिंग -एस १९२.१६८.१.५ ८.८.८.८ (यातला १.५ हा तुमच्या पीसीचा लॅनवरचा पत्ता, आणि अर्थात सगळं रोमन लिपीत टाइप करायचं, यातला एस मोठा). हे विसरलात तर पिंग वायफायनं जाईल, उत्तर येईल, आणि स्क्रिप्ट मेट्रिक परत १० करेल. मग पुन्हा बंद, पुन्हा चालू. मी कारखान्यात हा सर्कस अर्धा दिवस बघितलाय.

दुसरा इलाज ड्युअल वॅन राउटर, म्हणजे बाहेरच्या दोन लाइनी लावायला दोन भोकं (वॅन) असलेला. हे पिंगचं काम तो स्वतः करतो.

तंतुवाद्य | १४ डिसेंबर, रात्री ८.१०

सहमत. घरातला एकच पीसी असेल आणि हौस असेल तर स्क्रिप्ट. टीव्ही, मोबाइल, पोरांचे क्लास सगळं असेल तर राउटर. टीपी-लिंकचा ईआर६०५ घ्या. माइक्रोटिकचा हेक्सही चांगला, पण त्याचं पान पहिल्यांदा उघडलं की माणूस परत बंद करतो.

ईआर६०५ मध्ये वायफाय नाही हे आधीच सांगतो, नंतर शिव्या घालू नका. जुना एखादा वायफाय राउटर असेल तर त्याच्या लॅनला लावून ॲक्सेस पॉइंट (नुसता वायफाय पसरवणारा डबा) करायचा. दोन्ही कंपन्यांचे डबे त्याच्या दोन वॅनला, तुमचा पीसी त्याच्या लॅनला. याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.०.१ असतो, त्यामुळं तुमच्या १.१ आणि २.१ शी भांडण नाही. आणि मग पीसीचं मेट्रिक परत ऑटोमॅटिक, पीसीचं वायफाय बंद. त्याला आता एकच दार.

सीएला_विचारू_नका | १५ डिसेंबर, सकाळी ९.५०

माझा अनुभव. ड्युअल वॅन घेतला आणि उत्साहात 'लोड बॅलन्स' चालू ठेवलं. २० तारखेची रात्र, जीएसटीचे ३बी रिटर्न भरायचे अजून सहा क्लायंट बाकी. चलन तयार करून बँकेच्या साइटवर गेलो की बाहेर. परत लॉगिन, परत बाहेर. तीन वेळा. बँकेला दोष देऊन झाला, ब्राउझर बदलून झाला. मग उमगलं, एक पान केबलच्या आयपीवरून जातंय आणि पुढचं दुसऱ्या कंपनीच्या आयपीवरून. बँकेला वाटतंय मधेच कुणीतरी दुसराच माणूस घुसला.

तेव्हापासून बॅलन्स बंद, फक्त बॅकअप. पहिलं जाईल तेव्हाच दुसरं. बॅलन्स लागतच असेल तर ठरावीक साइट ठरावीक लाइनीवर बांधण्याचा नियम राउटरमध्ये असतो, तो लावा.

निशिगंध | १५ डिसेंबर, दुपारी १.२०

मला बॅकअपच पुरे. २०० चा हट्ट मी कधीच सोडला. व्हिडिओ कॉलला ३-४ एमबीपीएस पुरतात म्हणे, मग मी १०० चं तरी काय करणार होते? राउटर मागवलाय.

आयर्विनचा_दगड | १५ डिसेंबर, रात्री १०.००

वाचतोय, मजा येतेय. आम्ही डायल-अपवाले. विदेश संचार निगमनं १९९५ च्या १५ ऑगस्टला भारतात इंटरनेट खुलं केलं, आमच्या सांगलीत ते पोचेपर्यंत माझे केस पिकायला लागले होते. ५६ केबीपीएसचा मोडेम किंचाळायचा, बायको फोन उचलायची आणि सगळं तुटायचं. तेव्हाही दोन लाइनी हव्यात असं वाटायचं, एक तिच्यासाठी. पुढं २००४ मध्ये सरकारनं ब्रॉडबँडची व्याख्या २५६ केबीपीएस केली तेव्हा आम्ही पेढे वाटायचे बाकी होते. आता २ एमबीपीएसच्या खाली ब्रॉडबँड म्हणता येत नाही आणि तुम्ही लोक १०० ला रडताय.

निशिगंध | २१ डिसेंबर, दुपारी ३.४०

आता हसावं का रडावं ते सांगा.

राउटर आला, परवा लावला. यावेळी नीट परीक्षा घेतली: पीसीची नाही, केबलवाल्याच्या डब्यामागची फायबरची पिवळी वायर काढली. लाल दिवा लागला, साधारण वीस सेकंदांत नेट दुसऱ्यावर. व्हीपीएन तुटलं, परत जोडलं, आणि रिमोट डेस्कटॉपवर माझं अर्धं व्हाउचर जसंच्या तसं वाट बघत होतं.

आणि आज साडेबाराला दोन्ही गेले. एकदम. दोन्ही डब्यांवर लाल दिवा.

बाहेर आले तर कोपऱ्यावर गर्दी. कारखान्याकडं निघालेली उसाची ट्रॉली, डबल, भर इतकी वर की मोळ्या तारांना घासत होत्या. वळणावर वरच्या मोळीनं केबल ओढल्या आणि खांबापासून खाली लोंबल्या. मी जवळ जाऊन बघितलं. माझी जुनी केबल आणि नवी केबल एकाच खांबावर, एकाच काळ्या टायनं एकत्र आवळलेल्या. आमच्या दारापासून पार मेन रोडपर्यंत दोघी गळ्यात गळा घालून.

दोन बिलं भरते मी. दोन.

भडंगप्रेमी | २१ डिसेंबर, दुपारी ३.५५

फजिती ऐकली. माफ करा ताई, मी आधीच म्हणालो होतो.

तंतुवाद्य | २१ डिसेंबर, संध्याकाळी ६.३०

चूक माझी. पहिल्याच दिवशी विचारायला पाहिजे होतं की दोन्ही वायरी कुठून येतात. आम्ही दुकानदार लोक डब्याच्या मागचं विचारतो आणि डब्याच्या पुढचं विसरतो.

खांब एक, रस्ता एक, तर ट्रॉलीच्या दृष्टीनं तुमचं कनेक्शन एकच. गळीत हंगाम संपेपर्यंत, म्हणजे मार्चपर्यंत, हे चालणारच. दुसरं फायबर घेताना कंपनीचं नाव बघू नका, वायर कुठल्या बाजूनं येणार ते बघा. मागच्या बोळातून येत असेल तर घ्या. नाहीतर दुसरी लाइन वायरीची घेऊच नका. जिओ आणि एअरटेल दोघांचं एअरफायबर आहे, ५जी वर चालतं. गच्चीवर त्यांचा अँटेना, तिथून खाली वायर तुमच्या वॅन दोनला. फायबरएवढा स्थिर नाही, पावसात आणि गर्दीत मंदावतो, पण तुम्हाला तो दिवसातला अर्धा तासच लागणार. आणि ट्रॉली टॉवरपर्यंत पोचत नाही.

कुपवाड_एमआयडीसी | २१ डिसेंबर, संध्याकाळी ७.००

+१. एकच ध्यानात ठेवा, अशा लाइनीवर तुम्हाला स्वतंत्र सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता बहुधा मिळत नाही, बऱ्याच गिऱ्हाइकांत एकच वाटलेला असतो. राउटरला १०० नं सुरू होणारा पत्ता दिसला, दुसरा आकडा ६४ ते १२७ मधला, तर तो हाच प्रकार. बाहेरून घरचा कॅमेरा बघायचा असेल तर अडचण. ताईंचं व्हीपीएन आतून बाहेर जातं, त्यांना काही फरक नाही.

निशिगंध | २२ डिसेंबर, रात्री ८.४५

काल रात्री केबलवाल्याची माणसं जोडायला आली, तेव्हा मी बॅटरी धरून उभी होते. हे आधी कधी जवळून बघितलं नव्हतं, म्हणून लिहिते.

टेंपोच्या टपावर शिडी, शिडीवर एक पोरगा. खाली दुसरा, गाडीच्या सीटवर सुटकेसएवढं यंत्र उघडून. केबलचं काळं साल सोललं, आतली रंगीत नळी, तिच्या आत केसाएवढी काच. ती स्पिरिटच्या कापडानं पुसली, एका चिमटावजा कातरीत धरून टक् केलं. सरळ कापली पाहिजे, तिरकी गेली की परत. मग दोन्ही टोकं यंत्रात ठेवली. छोट्या स्क्रीनवर दोन जाड खांब दिसायला लागले, हळूहळू एकमेकांकडं सरकले, मधे ठिणगी पडली आणि एक झाले. खाली आकडा आला ०.०२. पोरगा म्हणाला, "हे चांगलंय ताई, एवढ्यानं काय होत नाही." वर एक नळी सरकवून त्याच यंत्रात शेकली. असे बारा जोड. थंडीत त्याची बोटं आखडली की तो यंत्राच्या त्या गरम कप्प्याशी धरायचा.

मोठ्या कंपनीचं आज दुपारपर्यंत आलं नव्हतं. तक्रार नंबर मात्र तीन मिळाले.

सातारी_कंदी | २२ डिसेंबर, रात्री ९.१०

मस्त लिहिलंय. मी हॉटस्पॉटवाला, पण वाखु (वाचनखूण) साठवली.

आयर्विनचा_दगड | २२ डिसेंबर, रात्री १०.३०

ट्रॉलीचं ठीक आहे. २०१९ चा ऑगस्ट आठवतोय का कुणाला? आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि कृष्णा ५७ च्या वर गेली. तेव्हा फायबर काय, टॉवर काय, लाइटच नव्हती. आमच्या गावभागात राउटर खालच्या मजल्यावर भिंतीला ठोकलेला होता, पाणी ओसरल्यावर त्यातून गाळ निघाला. तेव्हापासून आमच्याकडं राउटर माडीवर. तुमचं दुसरं, तिसरं, चौथं कनेक्शन असू दे, आधी लाइटचं बघा.

निशिगंध | २२ डिसेंबर, रात्री १०.४५

काका, लाइटचंही दुखणं आहेच. इन्व्हर्टर आहे, पण लाइट गेल्यावर तो पकडेपर्यंत राउटर एकदा बंद पडून चालू होतात. पीसी टिकतो, त्याला यूपीएस आहे. डबे दोन-तीन मिनिटं घेतात.

तंतुवाद्य | २३ डिसेंबर, सकाळी ७.५५

राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो, डबीएवढा. बहुतेक डबे १२ व्होल्टचे, पण अँपिअर ॲडॅप्टरवर वाचून घ्या, कुठं १, कुठं दीड, कुठं २. कमी अँपिअरचा घेतला तर डबा चालू राहतो आणि वायफाय लावलं की मान टाकतो. तीन डबे आहेत, तिन्हींना पाहिजे. किंवा तिन्ही डबे पीसीच्याच यूपीएसवर लावा, तेवढ्यानं त्याला काही जड होत नाही. आणि केबलवाल्याला विचारा, त्याच्या गल्लीतल्या पेटीला बॅटरी आहे का. नसेल तर तुमचा डबा जागा आणि त्याची पेटी झोपलेली.

निशिगंध | ९ जानेवारी, रात्री ८.२०

शेवटचा अपडेट, मग धागा वर काढणार नाही.

मोठ्या कंपनीचं फायबर परत केलं, गच्चीवर एअरफायबर बसवलं. तिन्ही डबे पीसीच्या यूपीएसवर. केबलवाल्याच्या पेटीला बॅटरी आहे, पण ती २०२१ ची आहे असं त्यानंच सांगितलं, म्हणजे नसल्यासारखीच.

आज अकरा वाजता परत ट्रॉली. मला कळलंसुद्धा नाही. कॉलवर साहेबांचा चेहरा अर्धा मिनिट वाकडा अडकला, व्हीपीएन परत जोडलं, मी पुढं काम करत राहिले. नंतर राउटरच्या नोंदीत बघितलं: वॅन एक बंद ११.०४, चालू १.३८.

बाराच्या सुमारास दारात केबलवाला उभा. हातात लॅपटॉप. म्हणाला, "वहिनी, तुमचं नेट चालू आहे ना? गल्लीतलं सगळं बंद आहे, आणि मला ऑफिसच्या पोर्टलवर कंप्लेंट टाकायची आहे." अर्धा तास माझ्या डायनिंग टेबलावर बसला होता. चहा दिला.

भडंगप्रेमी | ९ जानेवारी, रात्री ८.३१

पासवर्ड दिलात त्याला?

निशिगंध | ९ जानेवारी, रात्री ८.३४

गेस्टचा दिला. आणि जाताना या महिन्याच्या बिलात शंभर रुपये कमी करून घेतले.